सकाळी न उठणारे हात

मित्रांनो, माझ्यासारखीवर तुम्ही कितीदा तरी बसला असाल, पण माझ्याकडे नीट बघितलं काही नसेल. त्यात तुमचा दोष नाही. माझ्यासमोर आरसा असतो, आणि आरसा दिसला की माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी सलूनमधली खुर्ची. जुनी. एके काळी लालभडक होते, आता माझ्या रंगाला लाल म्हणायचं तर थोडं मन मोठं करावं लागतं.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. खाली जड गोल पाया, पोटात तेलाचा पंप, बाजूला पायानं दाबायचा दांडा. दांडा थोडा थोडा दाबला की मी वर जाते. तोच दाबून धरला की फुस्स करून खाली येते. मला एवढंच येतं, वर जाणं आणि खाली येणं. पण एका माणसाचं अख्खं दुखणं या दोनच गोष्टींत लपलं होतं. तीच गोष्ट सांगते.

त्या माणसाला सगळे भाऊ म्हणायचे. दुकान त्यांचंच. दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही दोघंही नवे होतो. भाऊंचा एक नियम होता. गिऱ्हाईक बसलं की कात्रीला हात लावायच्या आधी मला वर घ्यायचं, डोकं आपल्या छातीपाशी येईपर्यंत. “डोकं हातापाशी आलं पाहिजे,” ते म्हणायचे. “आपण डोक्यापाशी वाकायला लागलो की कंबर गेली.” लहान पोरं आली की माझ्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकायची आणि पोराला वर बसवायचं. किती पोरं रडली असतील त्या फळीवर! तीच पुढे बाप झाली आणि आपली पोरं घेऊन आली. तीही रडली.

रोज सकाळी भाऊ मला पुसायचे. पायापासून सुरुवात, मग बसायची गादी, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी वरची डोकं टेकायची उशी. लोक म्हणायचे, “भाऊ, बायकोपेक्षा खुर्चीला जास्त जपता तुम्ही.” भाऊ म्हणायचे, “बायको बोलून दाखवते. ही बिचारी काही बोलत नाही.”

पुढे भाऊंची लेक हाताशी आली. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची. लग्न होऊन ती दुसऱ्या भागात राहायला गेली होती, पण कामाला रोज इथंच. तिचा हात चांगला, तोंड त्याहून चांगलं चालायचं. तिनं माझ्या शेजारी एक नवी काळी खुर्ची आणली. मऊ, चकचकीत. मग हळूहळू विषय निघायला लागला.

“बाबा, ही लाल पण बदलून टाकू या ना. दोन्ही सारख्या दिसतील.”

“माझे हात चालतायत तोवर ती कुठं जाणार नाही,” भाऊ म्हणायचे.

ताई विषय सोडून द्यायची. पण भाऊंच्या डोक्यात एक किडा शिरलाच. आज खुर्ची, उद्या मी.

आणि मग त्यांचे हात चालेनासे झाले.

तो दिवस मला चांगला आठवतो. भाऊ फडकं घेऊन मला पुसत होते. पाया झाला, गादी झाली, पाठ झाली. उशीपर्यंत हात आलाच नाही. निम्म्यात अडला. त्यांनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं. तो हातही तिथंच अडला. मित्रांनो, एक खांदा धरला तर माणूस म्हणतो, झोपताना अवघडला असेल. पण दोन्ही खांदे, एकदम, सारखेच? भाऊंनी दाराकडे बघितलं. ताई बाहेर पायरी धूत होती. त्यांनी फडकं कोनाड्यात टाकलं आणि माझ्यावर बसून राहिले.

बसले ते बसले. उठता येईना. एरवी भाऊ माझ्यावरून टुणकन उठायचे. त्या दिवशी माझे दोन्ही हात घट्ट धरले, पुढे झुकले, परत मागे पडले. मांड्यांत आणि कमरेच्या खालच्या भागात जणू रात्रीत कुणी सिमेंट ओतून ठेवलं होतं. तिसऱ्या झटक्याला उठले तेव्हा कपाळावर घाम होता.

आता यातली खरी मेख ऐका. दुपार झाली की भाऊ ठणठणीत! जेवणाच्या वेळेपर्यंत हात सैल व्हायचे, कात्री कानाच्या वर सरसर चालायची, गप्पा रंगायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. दुखणं जसं काही कामगार होतं आणि त्याची सकाळची पाळी होती.

त्यामुळे झालं काय, की कुणाचाच विश्वास बसेना. ताईचा तर नाहीच. भाऊ सकाळी उशिरा यायला लागले होते. आले की गिऱ्हाईक तिच्याकडे ढकलायचे, “तू घे गं, मी जरा पेपर बघतो.” आणि दुपारी जोरात.

“सकाळी आजारी, दुपारी हिरो,” ताई एकदा बोललीच. “माझ्यावर राग असेल तर सरळ सांगा ना बाबा. खुर्चीचा विषय काढला म्हणून असं करताय का?”

“मला कसला राग?” भाऊ म्हणाले. आणि खरं काय ते सांगितलं नाही.

खरं काय ते फक्त काकूंना माहीत होतं. काकू म्हणजे भाऊंची बायको. दुपारचा डबा घेऊन त्या यायच्या. ताई हात धुवायला मागे गेली की या दोघांची कुजबुज सुरू व्हायची.

“अहो, सांगा तिला. शर्टाच्या बाहीत हात मी घालून देते तुमचा. कूस बदलायची तर मला उठवता. अंगात बारीक कसर असते, जेवण निम्म्यावर आलंय. पट्ट्याला नवं भोक पाडलंय मी काल.”

“हळू बोल. तिला कळलं की म्हणेल घरी बसा.”

“मग बसा!”

“आणि काय करू? तुझ्या भाज्या निवडू?”

“निवडायला हात वर करावे लागत नाहीत, तेवढं तरी जमेल,” काकू म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

काकूंनी फारच धोशा लावला म्हणून भाऊ एकदा जवळच्या दवाखान्यात जाऊन आले. पण गेले कधी? दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा. डॉक्टर म्हणाले हात वर करा, यांनी केले. म्हणाले उठा-बसा, हे उठले-बसले. “वय झालं की कुरकुर असणारच,” म्हणून डॉक्टरांनी चोळायचं मलम आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. भाऊ जिंकून आल्यासारखे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मलमाचा वास होता आणि हात तिथंच अडत होता.

आमच्याकडे एक नेहमीचे गिऱ्हाईक होते, शाळेतून निवृत्त झालेले व्यायामाचे सर. त्यांना सगळ्या रोगांवर एकच औषध माहीत. “भाऊ, खांदे आखडले? दोन्ही हात वर, झटका, खाली! वर, झटका, खाली!” भाऊंनी घरी तेही करून बघितलं आणि नंतर चहाचा कप उचलायला दोन्ही हात लागले.

मग त्यांनी आपला उपाय शोधला. तो उपाय म्हणजे मी.

हात वर जात नाहीत ना? मग डोकंच खाली आणू. सकाळचं गिऱ्हाईक बसलं की भाऊ आता मला वर घेत नसत. ताईची पाठ वळली की पाय दांड्यावर, आणि फुस्स. मी खाली. डोकं त्यांच्या पोटापाशी. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी स्वतःच मोडला. वाकून काम करायचं म्हणजे कंबर बोंबलायची, पण खांदे वाचायचे. दिवस जात होते तशी मी आणखी खाली येत होते. शेवटी तर गिऱ्हाइकांचे गुडघे छातीला लागायला आले.

व्यायामाच्या सरांनी आरशात मान वळवून बघितली. “भाऊ, मागची रेघ उतारावर लागली की!”

“मानच वाकडी आहे तुमची. रेघ काय करेल?”

दुकान हसलं. भाऊही हसले. पण सर गेल्यावर ते आरशासमोर उभे राहिले आणि आपले हात बघत राहिले.

ताईला मात्र वेगळीच शंका आली. ती मला वर करून ठेवायची आणि परत बघावं तर मी खाली. एकदा, दोनदा, रोजच.

“बाबा, या खुर्चीचा पंप गळतोय. बसलेला माणूस हळूहळू बुडतोय. लोक हसतात आपल्याला.”

भाऊ वस्तरा पुसत होते. पुसतच राहिले.

“आता तरी ऐका. हिला भंगारात देऊ.”

मित्रांनो, मी वाट बघत होते. एवढी वर्षं माझी पाठ पुसणारा माणूस आता बोलेल, म्हणेल, तिचा काही दोष नाही, मीच करतो ते. भाऊ म्हणाले, “बघ तुला काय वाटतं ते.”

मला राग आला म्हणू का? लोखंडाला जेवढा येतो तेवढा आला. पण त्यांची बोटं माझ्या पाठीवर टेकलेली होती आणि ती त्यांनी उचलली नाहीत. त्यांना मला घालवायचं नव्हतं. मला वाचवायचं तर स्वतःला उघडं पाडावं लागत होतं, आणि ते जमत नव्हतं.

ताई तशी हिशेबी. भंगारात देण्याआधी एकदा दुरुस्त होते का बघू म्हणून तिनं मेकॅनिकला बोलावलं. तो सकाळीच आला, दुकान उघडल्या उघडल्या. भाऊ नुकतेच येऊन भिंतीला टेकून उभे होते. मेकॅनिकनं मला पार वर नेलं, स्वतः वर चढून बसला, मांडी घातली आणि म्हणाला, “ताई, चहा सांगा.” चहा आला. सावकाश प्याला. मग खाली वाकून माझ्या पोटाशी बोट फिरवलं, वास घेतला.

“हिला काही झालेलं नाही. थेंबभर तेल गळत नाही. मी एवढा जाडा बसलो तरी तसूभर हलली नाही.”

“पण रोज खाली येते!”

“आपणहून नाही येत. कुणीतरी आणतंय.”

चहाचा कप ठेवून मेकॅनिक निघून गेला. दुकानात बापलेक दोघंच राहिले. आणि मी.

“बाबा?”

“गिऱ्हाइकाला पाय टेकायला बरं पडतं जरा,” भाऊ म्हणाले.

“बाबा, हात वर करा.”

“का? तू काय पोलीस आहेस?”

“करा ना.”

भाऊंनी हात उचलले. छातीपर्यंत आले आणि थांबले. ताईला वाटलं ते चेष्टा करतायत. तिनं पुढे होऊन त्यांच्या कोपराला धरलं आणि वर ढकललं. भाऊंच्या तोंडून असा आवाज निघाला की तिनं चटका बसल्यासारखा हात सोडला.

मग तिनं त्यांना हळूच माझ्यावर बसवलं.

“कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून.”

“आणि मी तुम्हाला हिरो म्हणत होते.” ताई माझ्या हातावर बसली. “मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर हिच्याबरोबर मलाही भंगारात दिलं असतंस.”

ताई रडली. मग नाक पुसलं, आणि रडून झाल्यावर ती जशी होते तशी झाली, म्हणजे डबल तापट. “उद्या दवाखान्यात जायचं. सांध्यांच्या डॉक्टरांकडे. आणि सकाळी जायचं, पहिल्या नंबरला. गरम पाण्यानं अंघोळ करायची नाही, हात मोकळे करायचे नाहीत, काही नाही. जसे उठाल तसे नेणार.”

“दाढी तरी करू दे.”

“हात पोचतोय का गालापर्यंत?”

भाऊंनी हात खिशात घातला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. पण दुकानात सांगितली गेली नाही अशी गोष्ट जगात घडत नसते. डॉक्टरीणबाईंनी भाऊंना खुर्चीतून उठताना बघितलं आणि मग प्रश्न विचारले. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? दोन्ही बाजूंना आहे का? भूक? वजन? अंगात कसर? रक्त तपासलं. रक्तात सूज किती आहे ते मोजतात म्हणे, तर ती भरपूर निघाली. हाडांचे फोटो मात्र वयाच्या मानानं बरे होते. मग बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका.

“नावच इतकं जड,” भाऊ सरांना सांगत होते, “की उच्चारताना खांदा दुखतो.”

पण समजून घ्यायला तो तेवढा जड नाही, मित्रांनो. आपल्या शरीरात एक पहारेकरी असतो, बाहेरून येणाऱ्या रोगाशी भांडणारा. कधी कधी उतारवयात त्याचं डोकं फिरतं. तो आपल्याच घरात भांडण काढतो, आणि खांद्यांच्या, मानेच्या, कमरेच्या, मांड्यांच्या आसपास सूज येते. ही सूज बाहेरून दिसत नाही. रात्रभर माणूस हलत नाही, ती साठते, म्हणून सकाळी अंग लाकूड होतं. हालचाल झाली की सैल पडतं. म्हणून दुपारचा माणूस खोटारडा वाटतो. हा आजार पन्नाशीच्या आत सहसा होत नाही, सत्तरीच्या आसपास जास्त दिसतो, बायकांना अधिक होतो. हा काही कामाचा थकवा नाही. आणि नुसतं वयही नाही. “वयाला दोन्ही खांदे एका महिन्यात धरता येत नाहीत,” बाई म्हणाल्या होत्या.

औषध होतं. स्टेरॉइडची गोळी, छोट्या मापात. बाईंनी तीन-तीनदा बजावलं होतं की ही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, मी सांगेन तशी हळूहळू उतरवायची, वर्षभर लागेल, कदाचित जास्तही. सोबत हाडांसाठी गोळ्या, आणि साखर, रक्तदाब अधूनमधून तपासायचा. आणखी एक सांगितलं होतं. डोकं नव्यानं दुखायला लागलं, डोक्याच्या कातडीला हात लावला तर सहन होईना, चावताना जबडा दुखला, किंवा दिसण्यात काही फरक पडला, तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी यायचं. ताईनं हे सगळं ऐकलं. भाऊंनी फक्त “गोळी” एवढंच ऐकलं.

गोळीनं जादू केली. दोनच दिवसांत भाऊ सकाळी आले, शटर स्वतः वर केलं, फडकं घेतलं आणि माझी उशी पुसली. दोनदा पुसली. मग पहिलं गिऱ्हाईक बसल्यावर दांडा दाबला आणि मी वर गेले, वर, वर, त्यांच्या छातीपर्यंत. ताई शेजारून बघत होती. भंगाराचा विषय त्या दिवशी मेला तो मेलाच.

इथं गोष्ट संपली असती तर मीही सुटले असते. पण आमच्या धंद्यात एक वाईट गोष्ट असते. मी सुरुवातीला म्हटलं ना, आरसा. भाऊंना दिवसभर आरशासमोर उभं राहावं लागायचं. गोळ्यांनी त्यांचा चेहरा गोल व्हायला लागला. गाल फुगले. गिऱ्हाइकं गमतीत म्हणायची, “भाऊ, काकूंनी चांगलं खायला घातलेलं दिसतंय.” दुसरा कुणी असता तर सकाळी एकदा आरसा बघून विसरला असता. भाऊ दर गिऱ्हाइकामागे स्वतःला बघायचे. लोकांचे चेहरे नीटनेटके करणारा माणूस, आणि स्वतःचा चेहरा परका. हातही आता छान चालत होते. बऱ्या माणसाला गोळी कशाला? त्यांनी कुणाला न सांगता गोळी निम्मी केली, मग बंद केली. काकूंसमोर तोंडात टाकायचे, हळूच रुमालात काढायचे आणि दुकानात येऊन झटकायचे. माझ्या पायापाशी, केसांच्या ढिगात. मला दिसत होतं. मी काय करणार?

थोडे दिवस बरे गेले. मग भाऊ कपाळाची बाजू दाबत काम करायला लागले. “ऊन लागलं असेल,” म्हणाले. डब्यातलं कडक काही ते बाजूला काढायला लागले. चावता चावता थांबायचे, जबड्याला विश्रांती द्यायचे, परत चावायचे. काकूंना वाटलं दात दुखतोय.

भाऊंचे केस ताईच कापायची, गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा. त्या दिवशी फक्त व्यायामाचे सर पेपर वाचत बसले होते. ताईनं भाऊंना माझ्यावर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. डाव्या बाजूचे केस छान कापून झाले. मग उजवीकडे वळली आणि कानावरच्या केसांत कंगवा घातला.

भाऊंनी डोकं झटकन बाजूला घेतलं. “हळू गं!”

“नुसता कंगवा लावला बाबा.”

“मग जरा बेतानं लाव. डोक्याची कातडी हुळहुळी झालीय.”

ताईचा हात हवेतच थांबला. मला तिचा चेहरा आरशात दिसत होता. पांढरा पडला होता.

“चावताना दुखतं?”

“थोडंसं. ते दाताचं आहे.”

“डोळ्यांचं काय?”

“काही नाही.”

“बाबा, डोळ्यांचं काय?”

भाऊ कापडाच्या आत हात चोळत होते. “सकाळी उजव्या डोळ्यावर जरा पडदा आल्यासारखं झालं. लगेच गेलं.”

“गोळ्या घेताय ना?”

भाऊंनी खाली केसांच्या ढिगाकडे बघितलं. ताईनं गळ्यावरची गाठ ओढून सोडली. केसांसकट कापड जमिनीवर पडलं.

“उठा.”

“अगं, निम्मंच डोकं झालंय!”

“राहू दे निम्मं.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत! डोळा गेला तर लोक आणून देणार आहेत का?”

व्यायामाचे सर पेपर टाकून उठले. त्यांनी एकदाही व्यायाम सांगितला नाही. भाऊंचा हात धरून बाहेर नेलं, रिक्षा थांबवली आणि म्हणाले, “तुम्ही निघा, कुलूप मी लावतो.” भर दिवसा शटर खाली आलं. अंधार झाला. माझ्याभोवती भाऊंचे निम्मे केस पडले होते, आणि आता या माणसाच्या डोळ्यांचं काय होतंय ते सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चाल नेहमीची होती. सर पायरीवरच उभे होते.

“डोळा वाचला,” ती म्हणाली. “डोक्याच्या बाजूच्या रक्तवाहिनीला सूज आलीय. या आजाराच्या जोडीनं येते कधी कधी. बाईंनी तपासण्या पुऱ्या व्हायची पण वाट बघितली नाही, आधी औषध सुरू केलं. म्हणाल्या, गेलेली नजर परत आणता येत नाही, म्हणून घाई. आणखी थोडे दिवस काढले असते तर…” पुढचं तिनं झाडूनं झाडून टाकलं.

भाऊ परत आले ते डोक्यावर टोपी घालून. “काढा की,” सर म्हणाले. भाऊंनी काढली. एका बाजूला साफ कापलेले केस, दुसऱ्या बाजूला जंगल. दुकान असं हसलं की शेजारचे बघायला आले. ताईनं त्यांना माझ्यावर बसवलं आणि राहिलेली बाजू कापली, कंगवा न लावता, बोटांनीच.

गाल आता आणखी गोल झाले. गोळ्या मोठ्या मापाच्या होत्या ना. त्या सावकाश उतरवत नेल्या, बाईंच्या सांगण्यानं. उतरवताना एखादी सकाळ कडक जायची. अशाच एका सकाळी एक तरुण गिऱ्हाईक घाईघाईनं आलं आणि थेट माझ्यावर येऊन बसलं. “भाऊ, तुम्हीच कापा.”

भाऊंनी कात्री उचलली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. ताईनं बघितलं. सरांनी पेपरच्या वरून बघितलं. माझ्या पोटात तेलाचा थेंबही हलला नाही.

भाऊंनी कात्री खाली ठेवली.

“माझे हात आज अजून वर जात नाहीयेत,” ते म्हणाले. सरळ, सगळ्यांदेखत. “मला एक आजार आहे, त्यात सकाळी असं होतं. थांबतोस थोडा वेळ, की ताईकडून करून घेतोस?”

त्या पोरानं आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. “थांबतो की. पेपर द्या इकडे.”

बस. एवढंच झालं. कुणी त्यांना घरी बसवलं नाही, कुणी हसलं नाही. ताईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून सकाळचं सांगितलं. पोरगं माझ्यावर पाय पसरून पेपर वाचत बसलं. थोड्या वेळानं भाऊंनी हात वर करून बघितला, आणखी थोडा वर, आणि मग कात्री घेतली. हे एक वाक्य बोलायला त्यांना एवढे महिने लागले होते. त्यात एक डोळा जाता जाता राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी खुर्ची असेल आणि तिच्यात बसणारं एखादं वयस्कर माणूस असेल. त्यांना दुपारी बघून “छान आहेत” म्हणू नका. सकाळी बघा. उठताना खुर्चीचे हात किती घट्ट धरतात, शर्टाची बाही चढवताना थांबतात का, वरच्या फळीवरची बरणी हल्ली दुसऱ्याला काढायला सांगतात का. आणि दिसलं तर टोमणा मारू नका, वयावर ढकलू नका. डॉक्टरांकडे न्या, सकाळीच न्या. गोळ्या सुरू झाल्या तर त्या पोटात जातायत ना, तेही बघा. आम्हा खुर्च्यांना सगळं कळतं, पण तोंड नाही. त्यांना तोंड आहे, पण तुम्ही त्यांना बाजूला टाकाल याची भीती आहे. म्हणून आधी तेवढी भीती घालवा. मग शेजारी बसा आणि विचारा, आज सकाळी हात कुठपर्यंत गेला?